'प'खालचा उकार

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

शब्दकोड्याचं कात्रण पोचलं. घडी उलगडली आणि आधी नजर गेली ती डावीकडच्या वरच्या कोपऱ्यावर, कारण तिथला कागद खोडून खोडून पार झिरझिरीत झालाय. बाकी कोडं बहुतेक भरलेलं आणि तो कोपरा तेवढा ओसाड. सोबतच्या चिठ्ठीत तू विचारलंयस, 'माझा शब्दसंग्रहच कमी पडतो, कोणता शब्दकोश घेऊ?' कोणताही जाडजूड घे, वाया जाणार नाही. पण त्या कोपऱ्याचं दुखणं शब्दसंग्रहाचं नाही. तिथे अडलेला एकही शब्द तुला नवा नाही.

एक आडवा: वारा, तीन अक्षरं. तू 'पवन' लिहिलंस, आणि तेही पेनाने. सगळ्या कोड्यात पेनाने लिहिलेला हा एकच शब्द. 'प'पासून खाली उतरतो एक उभा: तळे, चार अक्षरं. 'न'पासून उतरतो दोन उभा: रात्र, तीन अक्षरं. मग तू 'प'चं तळं शोधत बसलीस आणि तुला 'पुष्करिणी' सुचलं असणार. असणार म्हणते, कारण 'पवन'च्या 'प'खाली मला एक बारीकसा उकार दिसला. आधी वाटलं कागदावरचा डाग असेल. भिंग लावून पाहिलं, उकारच होता, चोरासारखा दबकून बसलेला. आडवं वाचताना तो दिसू नये आणि उभं वाचताना दिसावा, अशी तुझी अपेक्षा. बये, 'पुवन' नावाचा वारा कुठेही वाहत नाही!

मी हसले, पण तुला नावं ठेवण्याचा मला अधिकार नाही. त्याचं कारण पुढे सांगते. आधी कोपरा सोडवू.

वाऱ्याला तीन अक्षरी शब्द किती? पवन, अनिल, समीर, मारुत. चार तर लगेच आठवले. तळ्याला चार अक्षरी? सरोवर, जलाशय, तुझं पुष्करिणी. रात्रीला तीन अक्षरी? रजनी, यामिनी, शर्वरी. आता या तीन रांगा शेजारी शेजारी लिही. वाऱ्याचं पहिलं अक्षर तळ्याचं पहिलं हवं आणि वाऱ्याचं शेवटचं अक्षर रात्रीचं पहिलं. 'अनिल'चा 'ल' रात्रीत कुठे नाही, 'मारुत'चा 'मा' तळ्यात नाही, 'पवन'चं तर दोन्हीकडे जमत नाही. उरतो 'समीर': 'स'चं सरोवर, 'र'ची रजनी. मिनिटभराचं काम. तीन शोधसूत्रांतलं एकही एकट्याने सुटण्यासारखं नव्हतं, तिन्ही मिळून मात्र एकच उत्तर देत होती. तू त्यांना एकत्र बसूच दिलं नाहीस, कारण 'पवन' पेनाने लिहून झाला होता.

कोड्यात अडलं की आपण रिकाम्या घरांकडे टक लावून बसतो. चूक बहुतेक वेळा भरलेल्या घरांत असते. एका शब्दातून निघणारे दोन-तीन शब्द एकदम अडले, तर ते सगळेच्या सगळे अवघड असण्यापेक्षा तो एक शब्द चुकीचा असण्याचा संभव जास्त. ज्याच्याबद्दल आपल्याला जराही शंका नाही, त्याच्यावर आधी संशय घ्यायचा.

आता माझा पराक्रम ऐक. शोधसूत्र होतं: महाभारतातील एक शंख, चार अक्षरं. मी 'पांचजन्य' ठोकून दिलं. त्याच्या शेवटच्या घरावर वरून एक दोन अक्षरी उभा शब्द येत होता: मन. 'चित्त' मला येत नव्हतं असं थोडंच आहे! पण घरात 'न्य' बसलेला, आणि 'न्य'ने संपणारं मन काही केल्या सापडेना. तेव्हा मी काय करावं? 'पांचजन्य' खोडावं? छे. मी संपादकांना पोस्टकार्ड लिहिलं की आपल्या कोडेकाराने शोधसूत्र चुकीचं दिलं आहे, वाचकांचा वेळ फुकट जातो. भाषा चांगली सणसणीत होती. ते पोस्टातही टाकलं. दुसऱ्या दिवशी उत्तर छापून आलं: देवदत्त. अर्जुनाचा शंख. कृष्णाचा पांचजन्य, अर्जुनाचा देवदत्त, दोन्ही चार अक्षरी, आणि शोधसूत्रात शंख कुणाचा ते मुद्दाम सांगितलेलं नव्हतं. ते एका 'चित्त'ने ठरायचं होतं. माझं पोस्टकार्ड तेव्हा वाटेत असेल. पुढे कित्येक दिवस त्या पानाकडे बघताना मला उगीचच कुणीतरी आपल्याकडे बघतंय असं वाटायचं.

तेव्हा तुझा एक चोरटा उकार काहीच नाही.

म्हणून पेन ठेवून दे. या खेळाची सुरुवात झाली १९१३ साली, २१ डिसेंबरला. आर्थर विन नावाच्या पत्रकाराने 'न्यूयॉर्क वर्ल्ड'च्या पुरवणीत पहिलं कोडं दिलं. त्याचा आकार पतंगासारखा, काळं घर एकही नाही, मधोमध मात्र मोकळी जागा. त्याने नाव दिलं होतं 'वर्ड-क्रॉस', ते काही आठवड्यांनी छापखान्यात उलटं होऊन 'क्रॉस-वर्ड' झालं आणि तेच टिकलं. पण मला त्यात आवडते ती वेगळीच गोष्ट. त्याने वरचा एक शब्द स्वतःच भरून दिला होता: 'फन', म्हणजे गंमत. कोड्यात पक्का म्हणायचा तो एवढाच, छापून आलेला. आपण भरतो ते सगळे पेन्सिलीचे.

मराठी कोड्याची एक खोड इंग्रजीत नाही. इंग्रजीत एका घरात सव्वीस अक्षरांपैकी एक. आपल्याकडे एका घरात मात्रा, वेलांटी, जोडाक्षरासकट अख्खं अक्षर. 'क'चीच बाराखडी धर, शिवाय क्र, क्ष, क्त. ही सगळी निराळी घरं. त्यामुळे कोडेकाराला दोन शब्द एकमेकांत ओवणं जड जातं आणि तो बिनमात्रेच्या शब्दांच्या आश्रयाला जातो: नयन, कमल, कनक, रजत, नगर, सरस. रोज तेच ते शब्द येतात म्हणून तू कुरकुरतेस ना, त्यामागे आळस कमी आणि नाइलाज जास्त. सोडवणाराने याचा फायदा घ्यावा. जिथे दोन शब्द एकमेकांना छेदतात त्या घरात र, न, क, ल, स, म यांतलं एखादं कोरडं अक्षर असण्याची शक्यता मी आधी धरते. 'समीर'कडे माझं लक्ष चटकन गेलं त्याचं अर्धं श्रेय या सवयीला. दोन्ही टोकांना कोरडी अक्षरं, कोडेकाराला असा शब्द मिळाला की तो सोडत नाही.

आणि वेलांटी सांभाळ. मराठीत शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहायचा, हे १९६२ च्या लेखननियमांपासून चालत आलंय. म्हणून पाण्याला दोन अक्षरी शब्द 'वारी', 'वारि' नव्हे. पण त्याच्यापुढे दुसरं अक्षर जोडून सामासिक शब्द झाला की वेलांटी पुन्हा ऱ्हस्व: वारिद. आपले मराठी शब्द अकारान्त असले तर अलीकडचं अक्षर दीर्घ: फूल, वीट. अनेकवचन केलंस की तेच ऱ्हस्व: फुलं, विटा. म्हणजे एका घरात 'वी' की 'वि' एवढं आडव्यातून कळलं तर उभ्याचं वचनसुद्धा कळतं. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मात्र या अलीकडच्या अक्षरात संस्कृतचाच नियम पाळतात, म्हणून 'अनिल'ची वेलांटी ऱ्हस्वच. ती विसरलीस तर 'अनल' होतो, आणि वाऱ्याच्या जागी आग लागते.

शोधसूत्राचं व्याकरण वाचायला शीक, अर्थ नंतर. 'त्रास देणे' असं असेल तर उत्तरही बहुधा 'णे'ने संपणार; शेवटच्या घरात 'णे' फिकट लिहून ठेव, आडव्याला मदत होते. 'असलेला', 'करणारा' दिसलं की विशेषण. कोडेकार जेव्हा एकच शब्द देऊन गप्प बसतो तेव्हा मात्र जपून. नुसतं 'कर' बघ: हात, सरकारी सारा, सूर्याचा किरण, आणि आईने दिलेला हुकूम. 'कनक' सोनंही असतो आणि धोतराही, शिवाय उलटा वाचला तरी तोच. यांपैकी कोणता अर्थ हवाय हे शोधसूत्र सांगत नाही, शेजारचे शब्द सांगतात.

वही घालायची म्हणतेस ती घाल, पण समानार्थी शब्दांच्या लांबलचक याद्या करू नकोस. मी केल्या होत्या. शब्द पाठ होतात आणि नेमके वेळेवर दांडी मारतात. कुटुंबं लिही. पाण्याचं घराणं घे: जल, नीर, वारी, अंबू, तोय, पय. याला पुढे 'द' लावलास की पाणी देणारा, म्हणजे ढग: जलद, नीरद, वारिद, अंबुद, तोयद, पयोद. 'ज' लावलास की पाण्यात जन्मलेलं, म्हणजे कमळ: जलज, नीरज, वारिज, अंबुज. 'धी' लावलास की पाण्याचा साठा, समुद्र: जलधी, वारिधी, पयोधी. सहा शब्द आणि तीन शेपट्या, पानभर यादी हातात आली, आणि विसरायची म्हटली तरी विसरत नाही. आता 'कमळ, तीन अक्षरं' आलं की शेवटच्या घरात 'ज' लिहायला तुझा हात शिवशिवेल. लिही, पंकज आणि सरोजही तुझ्याच बाजूचे आहेत. पण फिकट लिही. कमल, नलिन, राजीव हे तिघं कोपऱ्यात दबा धरून बसलेले असतात.

फोनवर उत्तर बघायचं की नाही, असं तू विचारलंयस. खुशाल बघ, पण कोडं एकदा बाजूला ठेवून, दुसरं काम करून, परत येऊन पाहिल्यावर. सकाळी दगडासारखा बसलेला शब्द दुपारी भांडी आवरताना आपण होऊन येतो हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता मी अडले की खुशाल उठते. मला वाटतं मधल्या वेळात आपण चुकीचा शब्द विसरतो, एवढंच त्यातलं रहस्य. आणि दुसऱ्या दिवशीची उत्तरं नुसती जुळवून पान टाकू नकोस. राहिलेल्या शब्दापाशी थांब. माहीत नव्हता, की माहीत असून शेजारच्याने अडवला? पहिला असेल तर वहीत, दुसरा असेल तर त्या शेजाऱ्याभोवती लाल वर्तुळ. महिनाभराने वर्तुळं मोज. आणि मग शब्दसंग्रहाचं रडगाणं घेऊन ये माझ्याकडे.

वेळ लावून सोडवण्याच्या भानगडीत एवढ्यात पडू नकोस. १९४२ च्या जानेवारीत लंडनच्या 'डेली टेलिग्राफ'ने बारा मिनिटांत कोडं सोडवण्याची स्पर्धा घेतली होती. त्यात आलेल्या काही जणांना मागाहून सरकारी पत्रं गेली आणि ते ब्लेचली पार्कला शत्रूचे गुप्त संदेश उलगडायला लागले. गोष्ट खरी आहे आणि छानही आहे. पण आपल्या दाराशी असं पत्र येणार नाही, तेव्हा चहा थंड होईपर्यंत बसायला हरकत नाही. कोडी म्हणजे रिकामटेकडेपणा, हे घरच्यांचं म्हणणं मात्र मनावर घेऊ नकोस. १९२४ साली 'न्यूयॉर्क टाइम्स'ने अग्रलेखातून या वेडाची टर उडवली होती. १९४२ च्या फेब्रुवारीत त्यांनी स्वतःच कोडं सुरू केलं, महायुद्ध चालू असताना. खोडरबर त्यांनाही लागलं म्हणायचं.

कात्रण परत पाठवतेय. कोपरा मी भरलेला नाही, तूच भर. 'पवन'वर पांढरी चिठ्ठी तेवढी चिकटवली आहे. उजवीकडे खाली तू सोडून दिलेला सतरा आडवा मी करायला घेतला: मेघ, तीन अक्षरं. शेवटी 'द', इथवर माझी खात्री आहे. फिकट लिहिलाय. मधलं घर बारा उभ्याचं. ते 'ल' असेल तर जलद, 'र' असेल तर नीरद, 'रि' असेल तर वारिद. आणि बारा उभा मला दोन दिवस सुटत नाहीये. तुला सुटला तर पूर्ण शब्द सांगू नकोस, मधलं अक्षर तेवढं कळव.

तुझी,
मावशी