झाकण उघडायची घाई नको

प्रश्न : मुलाने आम्हाला सिरॅमिकची कोळशाची ग्रिल घेऊन दिली आहे, अंड्याच्या आकाराची, जड झाकणाची. चिकनच्या तंगड्यांसाठी १८० अंश हवेत असं वाचलं होतं. काटा हलेना म्हणून दोन्ही झडपा पूर्ण उघडून चहा घ्यायला आत गेलो. परत येतो तर काटा ३०० वर. झडपा बंद केल्या, झाकण उघडून ठेवलं, तरी उतरेना. तंगड्या बाहेरून काळ्या झाल्या आणि हाडाशी लाल राहिल्या. ग्रिल सदोष आहे का?
– एक वाचक, बावधन

उत्तर : ग्रिल उत्तम आहे. तुम्ही चहाला गेलात तेवढ्यात तिच्या भिंती तापल्या, आणि जाड सिरॅमिक एकदा तापलं की विस्तव मंदावल्यावरही तासन् तास उष्णता देत राहतं. म्हणून या ग्रिलमध्ये तापमान चढतानाच अडवायचं. चढून गेलेलं लवकर खाली येत नाही. झाकण उघडल्याने तर उलटच होतं, कारण भरपूर हवा थेट निखाऱ्यावर जाते आणि तो आणखी फुलतो.

इथे गॅससारखी ज्योत लहान-मोठी करायला बटण नाही. खालच्या झडपेतून हवा येते, कोळशातून वर चढते आणि वरच्या चकतीतून बाहेर पडते. तुमच्या हातात आहे ती एवढी वाट. १८० हवे असतील तर काटा १३० ला पोचला की दोन्हीकडून आवळायला लागा. खालची झडप दोन बोटं उघडी आणि वरची चकती त्याहून थोडी कमी, इथून सुरुवात करा. एकदा हलवलं की दहा-पंधरा मिनिटं हात लावू नका, परिणाम उशिरा दिसतो. लोक घाईने परत परत हलवतात आणि काटा वर-खाली नाचत राहतो. थोड्या दिवसांनी तुमच्या ग्रिलच्या खुणा तुम्हाला पाठ होतील.

दुसरं म्हणजे सगळा कोळसा पेटवू नका. टोपली भरून घ्या, पण मधोमध एकाच जागी पेटवा. कमी कोळसा भरून तापमान आटोक्यात ठेवायचा प्रयत्न अनेक जण करतात, त्याने फक्त विस्तव मध्येच संपतो. पेटवायला रॉकेल अजिबात नको. सिरॅमिकची सच्छिद्र माती तो वास धरून ठेवते आणि पुढची कितीतरी जेवणं त्याची चव लागते. तेलात भिजवलेली कापसाची वात पुरते.

कोळसा लोणारी घ्या, लाकडाचा. पुण्यात अजून वखारीत पोत्याने मिळतो. घेताना दोन तुकडे एकमेकांवर आपटून पाहा. खणखणीत वाजला तर नीट जळलेला आहे. बद्द वाजणारा अर्धकच्चा असतो, डोळ्यांत पाणी आणणारा धूर करतो. चुरा चाळून टाका, नाहीतर कोळशाखालच्या जाळीची भोकं बुजतात आणि हवेची वाटच बंद होते. दाबून केलेल्या कोळशाच्या विटांची राख फार होते, त्या इथे नकोत.

आता तंगड्या. त्या थेट निखाऱ्याच्या वर होत्या. या ग्रिलसाठी मातीची एक जाड तबकडी मिळते. ती निखारा आणि मांस ठेवायची जाळी यांच्यामध्ये ठेवली की मांसावर खालून सरळ आच येत नाही, आतल्या गरम हवेत ते चारी बाजूंनी शिजतं. दह्यात मुरवलेल्या चिकनला तर ती हवीच, कारण दही आणि वाटण मांसाच्या आधी करपतं. शेवटी कातडी कुरकुरीत करायला तबकडी काढून पाच मिनिटं थेट आचेवर घ्या. तबकडी भयंकर तापलेली असते. चामड्याचे हातमोजे घाला.

हाडाशी लाल दिसलं म्हणजे कच्चंच असं मात्र नाही. आजकालच्या कोवळ्या ब्रॉयलरच्या हाडातला रंग पूर्ण शिजलेल्या मांसातही उतरतो. डोळ्यांवर भरवसा ठेवू नका, मांसात खुपसायचा थर्मामीटर घ्या. हाडाला न टेकवता सर्वांत जाड जागी ७४ अंश आले की चिकन खायला सुरक्षित. तंगडीला मी ८०-८५ पर्यंत जाऊ देते, तेव्हा शिरा सैल होतात आणि मांस हाडापासून सुटतं.

आणि एक फार महत्त्वाचं. ग्रिल तापलेली असताना झडपा बराच वेळ आवळून ठेवल्या असतील, तर झाकण एकदम उघडू नका. आत हवेला आसुसलेला विस्तव असतो, तो भडकून तोंडावर येतो. आधी दोन बोटं उचला, क्षणभर थांबा, मग उघडा. मुलं जवळ असतील तर त्यांना आधी लांब उभं करा.

प्रश्न : ताई, बोकडाची अख्खी मागची रान, म्हणजे मांडी, भाजली. मऊ व्हावी म्हणून कच्ची पपई लावून रात्रभर ठेवली होती. बाहेरून पिठूळ, आतून चिवट. काय चुकलं?
– एक वाचक, कॅम्प

उत्तर : पपईचा रस फार खोल उतरत नाही. वरचा थर तो विरघळवून टाकतो आणि आतल्या मांसाला त्याचा पत्ताही नसतो. पातळ तुकड्यांना तासभर लावा, अख्ख्या रानेला नको.

रान कमी चरबीची, म्हणून ती लवकर सुकते. तुम्ही पुढचा पाय खांद्यासकट घ्या. त्यात शिरा जास्त आणि त्याच तुमच्या कामाच्या, कारण मंद आचेवर ७० अंशांच्या पुढे त्या हळूहळू विरघळून रस होतात. बोल्हाईचं मटण मिळालं तर पाहाच. ते मेंढीचं, चरबी थोडी जास्त, त्यामुळे लांबलचक भाजणीत चांगलं टिकतं. खाटकाला तुकडे करू नका असं आधीच सांगा. आपल्याकडे सुरा सवयीने चालतो.

आदल्या रात्री फक्त मीठ चोळून फ्रीजमध्ये उघडं ठेवा. मीठ पपईसारखं वरवर राहत नाही, रात्रभरात बऱ्यापैकी आत जातं. दुसऱ्या दिवशी तबकडी लावून ग्रिल १२० ते १३० वर स्थिर करा. स्थिर झाल्याशिवाय मांस ठेवू नका. दीड-दोन किलोच्या पायाला चार-पाच तास धरून चाला, म्हणजे दुपारच्या जेवणासाठी सकाळी लवकर पेटवायला हवं.

मधे एक टप्पा येतो जिथे मांसाचं तापमान ६५-७० च्या आसपास अडून बसतं. तासभर काटा जागचा हलत नाही. मांसातून निघणारी वाफ त्याला थंड करत असते, एवढंच. लोक इथे घाबरून झडपा उघडतात आणि सगळं बिघडतं. आच वाढवू नका. फारच उशीर होत असेल तर पाय केळीच्या पानात आणि वरून फॉइलमध्ये घट्ट गुंडाळा, वाफ अडते आणि काटा पुढे सरकतो. आत ९० अंशांच्या पुढे गेलं की सळई लोण्यात गेल्यासारखी जाते, तिथे थांबा. मग पाऊण तास झाकून ठेवा आणि हातानेच सोडवा.

कांदा-लसूण मसाला तेलात कालवून शेवटच्या अर्ध्या तासात लावा. आधी लावला तर मिरची काळी पडून कडवट होते. गूळ घातलेलं काहीही असंच शेवटी. सोबत भाकरी आणि कच्चा कांदा. मला याच्याबरोबर पांढरा रस्सासुद्धा नको वाटतो, मांसालाच इतकी चव असते.

प्रश्न : आमची बाल्कनी काचेने बंद होते. पावसाळ्यात काच ओढून तिथे ग्रिल लावली तर चालेल का? धूर फारसा होत नाही.
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : नाही. धूर दिसो न दिसो, कोळशातून कार्बन मोनॉक्साईड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि बंद जागेत तो जीव घेतो. विझत आलेली ग्रिलसुद्धा आत आणू नका. सोसायटीच्या गच्चीची लेखी परवानगी काढा, नाहीतर मुळशीकडे कुणाचं शेत असेल तिथे बेत करा.

प्रश्न : पावसाळाभर झाकून ठेवलेल्या ग्रिलमध्ये बुरशी आली. साबणाने धुऊ का?
– एक वाचक, सिंहगड रोड

उत्तर : धुऊ नका, साबण मातीत मुरतो. बुरशी लागलेला जुना कोळसा काढून टाका. नवा भरा, मात्र पहिला विस्तव अगदी लहान करा आणि तासभर १०० च्या आसपास ठेवा. माती ओल धरून असते, एकदम तापवली तर ती तडकू शकते. ओल गेली की ३०० पर्यंत नेऊन अर्धा तास चालू द्या. पूर्ण गार झाल्यावर जाळी तारेच्या ब्रशने घासा, राख झाडून घ्या, आणि झाकणाच्या कडेची नमद्याची पट्टी सुटली आहे का तेही तपासा. ती सैल असेल तर हवा तिथून शिरते आणि झडपांचं काही चालत नाही.

पुढच्या जूनमध्ये ग्रिल ठेवताना कोळसा काढून झाकणाच्या डब्यात भरा, आणि दोन्ही झडपा थोड्या उघड्या ठेवून वरून कव्हर घाला. एरवी, म्हणजे कोरड्या दिवसांत, स्वयंपाक झाला की दोन्ही झडपा पूर्ण बंद करा. विस्तव हवेअभावी विझतो आणि उरलेला कोळसा पुढच्या वेळी वापरता येतो. पाणी कधीच ओतू नका. राख दुसऱ्या दिवशी काढा, त्याच रात्री नको. तिच्यात निखारा लपलेला असतो.