पहिली लांब पल्ल्याची धाव मार्चमध्येच काढ

१५ किलोमीटर जमतील का, ही धास्ती आधी सोड. पुण्यात मार्चच्या मध्याला सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो, त्यामुळे साडेपाचला निघालास तर निम्म्याहून जास्त अंतर गारव्यातच होतं. नऊनंतरचं ऊन मात्र अंगातलं त्राण काढतं.

वेग किती ठेवायचा? शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे, बस्स. धाप लागली तर सरळ चाल, त्यात कमीपणा काही नाही. मी सुरुवातीला पहिले ३ किलोमीटर जोरात मारायचो आणि दहाव्याला पाय शिशाचे व्हायचे.

एकदा तरी वेताळ टेकडीवर ये. या दिवसांत गिरिपुष्पाच्या निष्पर्ण फांद्या फिक्या गुलाबी फुलांनी लगडलेल्या असतात, पाकळ्यांचा सडा पायवाटेवर पडतो आणि खाणीच्या बाजूने मोर ओरडतो. तिथे मी दर वेळी थांबतोच! उतारावर मात्र सुटा मुरूम असतो, पावलं छोटी टाक.

नवे बूट त्या दिवशी घालू नकोस. तासाभरानंतर लिंबू-मीठ-साखरेचं पाणी दोन-दोन घोट घे. रविवारी येतोस का? तुझ्याच वेगाने धावू.