आकस्मिक निधीची ठेव मोडून ५,००० भारी काडतुसे घ्यावीत का?

वाचकाचा प्रश्न : मी पॉइंट टू-टू रायफलने ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात नेमबाजी करतो. वर्षाला सरावासाठी साधारण ४,४०० आणि सहा स्पर्धांसाठी मिळून ६०० काडतुसे लागतात. आजवर सगळीकडे सर्वांत स्वस्त काडतूस वापरले. त्याची किंमत १ धरली, तर मधल्या प्रतीचे २ आणि सर्वांत वरच्या प्रतीचे ४ ला पडते. रायफल सँडबॅगवर टेकवून तिन्हींचे दहा-दहा गोळ्यांचे चार ग्रुप (टार्गेटवरच्या छिद्रांचे पुंजके) मारले. ग्रुपची सरासरी रुंदी अनुक्रमे १६, १२ आणि ९ मिलिमीटर आली. स्वस्त काडतुसाने माझे स्वतःचे दहा गोळ्यांचे ग्रुप प्रोनमध्ये (पालथे पडून) २३, नीलिंगमध्ये (गुडघ्यावर) ३४ आणि स्टँडिंगमध्ये (उभ्याने) ४८ मिमीचे असतात. विक्रेता वरच्या प्रतीची ५,००० काडतुसांची पेटी १० टक्के सवलतीत देतो आहे. आकस्मिक खर्चासाठीची मुदत ठेव मोडून ती घ्यावी का?

उत्तर : ठेव मोडू नका आणि ही पेटीही घेऊ नका. स्वस्त काडतूस मात्र काही ठिकाणी बदलायलाच हवे. कुठे बदलायचे, ते तुमच्याच आकड्यांतून निघते. दहा-दहाचे चार ग्रुप मारलेत हे फार चांगले केलेत. पाच गोळ्यांच्या एका सुंदर ग्रुपवर भाळून पेटी घेणारे बरेच असतात, आणि तसा ग्रुप निव्वळ योगायोगानेही येतो.

आधी पेटीबद्दल. तुम्ही तपासले ते वरच्या प्रतीचे एक खोके, म्हणजे एकच लॉट (एका वेळी बनलेला माल). विक्रेत्याकडची पेटी त्याच लॉटची आहे का? पेटीवरचा लॉट क्रमांक तुमच्या खोक्यावरच्या क्रमांकाशी जुळत नसेल, तर तुमचा ९ मिमीचा आकडा या पेटीला लागू होत नाही. पॉइंट टू-टूच्या रिमफायर काडतुसात भडका देणारे मिश्रण बुडाच्या कडेत फिरवून भरलेले असते आणि दारू जेमतेम एक-दीड ग्रेन (एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम). इतक्या छोट्या मापात लॉटागणिक फरक पडतोच. काही कारखाने एकाच पद्धतीने बनवलेला माल चाचणीनंतर वेगवेगळ्या प्रतींत विभागतात. वरची प्रत म्हणजे कारखान्याच्या बॅरलमध्ये (नळीत) उत्तम ठरलेला लॉट. तुमच्या बॅरलला तो मानवेल याची हमी त्यात नाही. एली आणि लापुआ या कंपन्यांनी स्वतःची चाचणी केंद्रे ठेवली आहेत ती याचसाठी : नेमबाज रायफल घेऊन जातो, अनेक लॉट मारून पाहतो आणि आपल्या बॅरलला जमलेला लॉट उचलतो. न तपासलेला लॉट १० टक्के स्वस्त मिळाला आणि तुमच्या रायफलमध्ये तो १२ मिमीचा निघाला, तर २ च्या मालाला तुम्ही ३.६ मोजलेत. काडतुसे परत घेतली जात नाहीत आणि परवान्याच्या वस्तू सहज विकताही येत नाहीत. परवान्यावर एका वेळी किती काडतुसे बाळगता येतात, तेही आधी वाचा. ५,००० चा आकडा त्यात बसत नसेल, तर विषय तिथेच संपला.

आता गुणांचा हिशेब. काडतुसाची चूक आणि हाताची चूक यांची साधी बेरीज होत नाही. दोन्हींचे वर्ग मिळवून वर्गमूळ काढायचे. प्रोनच्या २३ मिमीतून काडतुसाचे १६ असे वजा केले, तर तुमचा स्वतःचा वाटा साधारण १६.५ मिमी उरतो. नीलिंगमध्ये तो ३० आणि स्टँडिंगमध्ये ४५. आता वरच्या प्रतीचे ९ मिमी त्यात मिळवा : प्रोन २३ वरून १९ वर येते, नीलिंग ३४ वरून ३१ वर आणि स्टँडिंग ४८ वरून ४६ वर. चौपट पैसे मोजून उभ्याने मारताना दोन मिमी मिळाले. पैसा कुठे वाया जातो आहे, हे या एका आकड्यात दिसते.

गुणांत बघू. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाचे वर्तुळ १०.४ मिमी व्यासाचे आहे आणि छिद्राची कड रेषेला लागली तरी वरचा गुण मिळतो. गोळी ५.६ मिमीची धरली, तर छिद्राचा मध्य केंद्रापासून ८ मिमीच्या आत हवा. पुढे दर ८ मिमीला एक गुण जातो. तुमच्या ग्रुपवरून अंदाज काढला, तर ६० गोळ्यांच्या स्पर्धेत वरच्या प्रतीने सुमारे ७ गुण वाढतात. त्यातला जवळपास अर्धा वाटा एकट्या प्रोनचा आणि स्टँडिंगचा फक्त दीड. मधल्या प्रतीनेच ४ च्या आसपास वाढतात. हा हिशेब ग्रुप टार्गेटच्या मध्यावर बसला आहे असे धरून आहे. वारा चुकीचा वाचला, तर कुठलेच काडतूस वाचवत नाही.

स्वस्त काडतुसाचे ग्रुप बहुधा उभे लांबतात, तेही समजून घ्या. साधारण ३२५ मीटर प्रति सेकंद वेगाची गोळी ५० मीटरला सुमारे ०.१६ सेकंदात पोहोचते आणि तेवढ्यात साडेबारा सेंटीमीटर खाली येते. वेगात १० मीटर प्रति सेकंदाचा फरक पडला, की हे खाली येणे सात-आठ मिमीने बदलते, म्हणजे पूर्ण एक वर्तुळ. म्हणून वेगवान म्हणून विकली जाणारी काडतुसे स्वस्त मिळाली तरी सरावालाही नकोत. ती ध्वनीच्या वेगाच्या वर सुटतात, वाटेत त्याखाली येतात आणि त्या टप्प्यात गोळी डळमळते. वाऱ्याने सरकतातही जास्त. खोक्यावर ‘स्टँडर्ड व्हेलॉसिटी’ किंवा ‘सबसॉनिक’ लिहिलेलेच घ्या. ग्रेनच्या तराजूवर काडतुसे तोलून किंवा कडेची जाडी मोजून स्वस्त मालातून चांगला माल निवडण्याच्या फंदात पडू नका. पितळ आणि शिसे यांच्या वजनातल्या फरकात दारूचा फरक बुडून जातो. ते तास सरावाला द्या.

माझा सल्ला आहे की काडतुसे दिवसानुसार वाटण्यापेक्षा पोझिशननुसार वाटा. वर्षाच्या ५,००० चा हिशेब असा मांडता येईल (एका स्वस्त काडतुसाची किंमत १ धरून; पुढच्या सगळ्या रकमाही त्याच मापात). स्टँडिंग आणि नीलिंगच्या सरावाची २,८०० स्वस्त प्रतीची : २,८००. प्रोनच्या सरावाची १,३०० मधल्या प्रतीची : २,६००. स्पर्धेची ६०० आणि प्रत्येक स्पर्धेआधीच्या शेवटच्या सरावाची ५० प्रमाणे ३००, अशी ९०० वरच्या प्रतीची. ही एकाच लॉटची १,००० घेऊन ठेवा : ४,०००. लॉट निवडण्यासाठी चार वेगवेगळ्या लॉटची एकेक खोकी, म्हणजे २०० काडतुसे : ८००. एकूण १०,२००. विक्रेत्याची पेटी १८,००० ला पडते, त्यामुळे ७,८०० वाचतात, आणि प्रोनमध्ये चुकलेली गोळी तुमची की काडतुसाची, हा संभ्रमही बराच कमी होतो. सरावात सर्वांत महाग पडतो तो हाच संभ्रम. शॉट सुटताना ‘नऊ, उजवीकडे’ असा अंदाज बांधला आणि छिद्र आठात खाली सापडले, तर नेमबाज नसलेली चूक दुरुस्त करत बसतो.

आज तुम्ही वर्षाला ५,००० खर्चता. १०,२०० म्हणजे दुपटीहून जास्त, आणि हे सगळ्यांना झेपेलच असे नाही. महिन्याला ८५० बाजूला पडत नसतील, तर स्पर्धेलाही मधलीच प्रत वापरा. एकूण खर्च ७,२०० वर येईल आणि स्पर्धेमागे तीनेक गुण कमी पडतील. स्वस्तवरून मधल्या प्रतीवर जाताना वर्षभरात वाढलेल्या प्रत्येक गुणाला साधारण ८५ पडतात. मधल्यावरून वरच्या प्रतीवर जाताना १६५ च्या पुढे. पात्रता गुणसंख्या दोन-तीन गुणांनी हुकत असेल, तर तो दुसरा टप्पा विकत घेण्यासारखा आहे. एरवी नाही.

याहून स्वस्त गुण तुमच्या स्टँडिंगमध्ये पडले आहेत. हाताचा वाटा ४५ वरून ४० मिमीवर आणलात, तर स्वस्त काडतुसानेही उभ्याच्या २० गोळ्यांत चारेक गुण वाढतात. वरची प्रत तिथे दीडच देते. ड्राय फायरला, म्हणजे गोळीशिवाय नेम धरून घोडा ओढण्याच्या सरावाला, काडतूस लागत नाही. फक्त रिकाम्या चेंबरवर (काडतूस बसते त्या जागेवर) घोडा ओढू नका : रिमफायरची फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आपटून खाच पडू शकते. रायफलच्या पुस्तिकेत परवानगी असेल तरच, किंवा नकली काडतूस अथवा ड्राय फायरचा वेगळा बोल्ट लावून करा. आठवड्याला उभ्याच्या २० गोळ्या याने भागवल्या, तर वर्षाला हजारभर काडतुसे वाचतात. ते पैसे प्रशिक्षकाला द्या.

चाचणी करताना वारा नसलेली वेळ निवडा आणि चारही लॉट एकाच दिवशी मारा. प्रत्येक खोक्यातली पहिली १० काडतुसे बॅरल तयार व्हायला जाऊ द्या आणि उरलेल्या ४० चे चार ग्रुप मोजा. गोळीवरचे मेण प्रत्येक कंपनीचे वेगळे असते. नवे मेण बॅरलमध्ये बसेपर्यंत गोळ्या भरकटतात, म्हणून शक्यतो तिन्ही प्रती एकाच कंपनीच्या घ्या. ९ आणि १० मिमीच्या सरासरीतला फरक खरा मानू नका; ९ आणि १२ चा बहुधा खरा असतो. एलीच्या खोक्यावर लॉटसोबत वेगही छापलेला असतो. जमलेल्या लॉटचा तो वेग वहीत लिहून ठेवा. लॉट संपल्यावर नवे लॉट शोधताना सुरुवात तिथून करता येते.

प्रत बदलली की झिरो, म्हणजे साइट जिथे जुळवली आहे तो बिंदूही सरकतो. प्रत्येक प्रतीचे क्लिक (साइट फिरवण्याचे टप्पे) वेगळे लिहून ठेवा, नाहीतर स्पर्धेच्या सायटर गोळ्या, म्हणजे गुण न मोजल्या जाणाऱ्या सुरुवातीच्या गोळ्या, त्यातच संपतील. स्वस्त काडतुसे जास्त घाण सोडतात. चेंबरच्या पुढच्या टोकाला कार्बनचे कडे जमले, की उत्तम लॉटही बिघडल्यासारखा वाटतो. लॉटला दोष देण्याआधी ते साफ करा. काडतूस न फुटल्यास नळी टार्गेटकडेच ठेवून किमान ३० सेकंद थांबा आणि मगच बोल्ट उघडा. दर ५०० मागे अशी किती निघाली ते मोजा. पाच-सहा निघू लागली, तर फायरिंग पिन तपासा. ती ठीक असेल तर तो लॉट पुन्हा घेऊ नका.

निवडलेल्या लॉटच्या १,००० साठी ४,००० एकरकमी लागतील, कारण लॉट थांबत नाही. त्यासाठी आजपासून वेगळे खाते उघडून दरमहा ८५० टाका. पाचव्या महिन्यापर्यंत सराव स्वस्त प्रतीवरच चालू ठेवलात, तर महिन्याचे ४१७ वजा जाऊन दोन हजारांहून थोडे जास्त साठतील. उरलेली रक्कम पुढच्या बोनसमधून किंवा आणखी चार-पाच महिने थांबून घाला. तोवर स्पर्धा आली, तर ती मधल्या प्रतीने खेळा. आकस्मिक निधीला त्यासाठीही हात लावू नका. काडतूस ही उडून जाणारी वस्तू आहे, आणि दवाखान्याचे बिल आले त्या दिवशी कपाटातली पेटी कामाला येत नाही. घेतलेली काडतुसे कोरड्या, थंड जागी कुलपात ठेवा. तशी ती अनेक वर्षे टिकतात, त्यामुळे घाईने संपवायची गरज नाही. स्पर्धेच्या दिवशी तापलेल्या गाडीत मात्र ठेवू नका. दारूच्या तापमानाने वेग बदलतो आणि ग्रुप वर-खाली सरकतो.

दर सहा महिन्यांनी तिन्ही पोझिशनचे ग्रुप पुन्हा मोजा. स्टँडिंगमधला तुमचा वाटा ३० मिमीच्या आत आला, की तिथेही मधली प्रत लावा, आणि त्यासाठी मासिक रक्कम किती वाढवायची ते तेव्हाच्या किमतीवरून ठरवा.