मडगावच्या सुनेला म्हणे ‘कळायचं नाही’!

*मी नेरूळला राहतो, वय एकाहत्तर. पोर्तुगीज, आफ्रिकी, लॅटिन अमेरिकी गाणी ऐकण्याचा जुना नाद आहे. 1977 साली पहिलं मत दिलं आणि सरकार बदललं. तेव्हापासून कुठल्याही देशात लोकांनी हुकूमशहा घालवला की मला घरात सण असल्यासारखं वाटतं. पण हा आनंद सांगायला कोणी नाही. पत्नी गेली. मित्रांसमोर राजकारण काढलं की भांडणं होतात. मुलगा म्हणतो, ‘शब्द कळत नाहीत, तर ऐकता काय?’ सून मडगावची, ऐरोलीला नोकरी करते. तिनं एकदा विचारलं, ‘बाबा, हे कुठलं गाणं?’ मी म्हटलं, तुला कळायचं नाही, आणि हेडफोन लावला. ही आवड आता एकट्यानंच जपायची का?*
– एक श्रोता, नेरूळ

काका,

मूळ पत्रात मुलाच्या टोमण्यांवर तुम्ही दीड पान खर्च केलंय, ते मी कापलं. सुनेला मिळाल्या मोजून दोन-तीन ओळी, आणि सगळं पत्र त्यांतच आहे.

अहो, तुम्हाला पोर्तुगीज गाण्यांचा नाद, घरात सून मडगावची, आणि तिला तुम्ही सांगता कळायचं नाही? 1961च्या डिसेंबरपर्यंत तिथे पोर्तुगीजांचं राज्य होतं. तिच्या आजी-आजोबांपैकी कोणी शाळेत ती भाषा गिरवलीही असेल. गोव्यात आजही फादो, म्हणजे पोर्तुगीज विरहगीतं, गातात. कोणी विचारत नाही म्हणून तुम्ही रडताय, आणि जिनं विचारलं तिचंच तोंड बंद केलंत.

‘ग्रांदोला, व्हिला मोरेना’ तुमच्याकडे असणारच. पोर्तुगीज गायक झेका अफोन्सोचं. सुरुवातीला शब्दच नाहीत, नुसती खडीवरून चालणारी पावलं. मग एक जण ओळ म्हणतो आणि बाकीचे ती उचलतात, आपल्या भजनात टाळकरी उचलतात तशी. 25 एप्रिल 1974 रोजी, मध्यरात्र उलटून वीस मिनिटं झाली असताना ते पोर्तुगालमध्ये रेडिओवर लागलं. बंड करायला निघालेल्या लष्करी अधिकाऱ्यांची ती ठरलेली खूण होती. दिवस मावळेपर्यंत 1926 पासूनची हुकूमशाही कोसळली होती, आणि लिस्बनच्या रस्त्यांवर लोक सैनिकांच्या बंदुकांत कार्नेशनची फुलं खोवत होते. ते गाणं कोणी हेडफोन लावून ऐकत बसला असता, तर बराकीतून कोण बाहेर पडलं असतं?

पुढचं तर तुमच्या घरातलं आहे. गोवा भारताचा आहे हे पोर्तुगालचं जुनं सरकार बारा वर्षं मानायलाच तयार नव्हतं. क्रांती झाली, आणि त्याच वर्षी 31 डिसेंबरला नव्या सरकारनं दिल्लीत करार करून ते मान्य केलं. आपले परराष्ट्रमंत्री तेव्हा यशवंतराव चव्हाण होते. म्हणजे ज्या क्रांतीपायी तुम्ही दार लावून डोळे पुसता, तिनं तुमच्या सुनेच्या गावाचा वाद मिटवलाय. आणि ती संध्याकाळी लोकलमधून उभ्यानं प्रवास करून घरी येते, तेव्हा तुमच्या कानावर हेडफोन!

शिवाय तुमचं ते 1977. पोर्तुगालनं 25 एप्रिल 1975 ला पहिली मुक्त निवडणूक घेतली, मतदान नव्वद टक्क्यांच्या वर. दोनच महिन्यांत आपल्याकडे आणीबाणी लागली. तिकडे दार उघडत होतं तेव्हा इकडे बंद होत होतं, आणि ते पुन्हा उघडणाऱ्यांत तुमचं मत होतं. सून तेव्हा जन्मलीही नसेल. तिला हे तुम्ही नाही सांगणार तर काय व्हॉट्सअॅप सांगणार?

या रविवारी हेडफोन कपाटात ठेवा. हॉलमध्ये स्पीकरवर हे गाणं लावा. आधी तिला म्हणा, ‘त्या दिवशी माझं चुकलं,’ मग विचारा, ‘तुझ्या माहेरी काय गायचे?’ आणि गप्प बसा. व्याख्यान अजिबात नको. तुमचं पत्र वाचल्यावर मला तीच भीती आहे. पावलं ऐकू आली की मुलगा हसेल. हसू दे. चहा टाकायला पाठवा त्याला.