चेंबरची तळपातळी नकाशावरून घेऊ नका

नमस्कार. शहराच्या हद्दीलगत 40 गुंठ्यांवर खाली दुकाने, वर तीन मजले कार्यालये आणि एक तळघर असा तुमचा प्रस्ताव आहे. बांधकाम परवानगीच्या छाननीत 'पाणीपुरवठा, मलनिस्सारण व पर्जन्यजल निस्सारणाचा तपशील सादर करावा' असा शेरा आला आहे, आणि रस्त्यावरच्या मलवाहिनीच्या चेंबरची कार्यालयाने दिलेली पातळी तुमच्या वास्तुविशारदांच्या नकाशाशी जुळत नसल्याने 'वजाबाकी करून जुळवून घेऊ, हा केवळ कागदाचा भाग आहे' असे तुमचे सल्लागार म्हणत आहेत, एवढे तुमच्या पोस्टवरून समजले. ते शेवटचे वाक्य वाचून मी हातातले काम बाजूला ठेवून लिहायला बसलो, कारण जवळपास याच शब्दांत मी स्वतः काही वर्षांपूर्वी आमच्या भागीदारांना हेच ऐकवले होते.

सुरुवातीलाच काही गोष्टी स्पष्ट करतो. मी स्थापत्य पदविकाधारक असून आयुष्य साइटवरच गेले आहे, परंतु मी परवानाधारक सल्लागार नाही आणि तुमची जागा मी पाहिलेली नाही. अर्जाचा नमुना, शुल्क, कागदांचा क्रम यांविषयी मी लिहीत नाही. ते तुमच्या वास्तुविशारदांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असणार. जे लिहितो आहे ते एका चुकीविषयी आहे, आणि ती चूक माझी होती.

आमचा प्रकल्प तुमच्यासारखाच होता: रस्त्याला लागून दुकाने, वर कार्यालये, खाली वाहनतळ. शहराचे आणि कार्यालयाचे नाव घेत नाही. मलवाहिनी जोडण्यासाठी आम्ही रीतसर पत्र दिले, तेव्हा आम्हाला शिक्का मारलेला एक नकाशा मिळाला आणि त्यात आमच्या समोरच्या चेंबरची तळपातळी, म्हणजे तुम्ही-आम्ही ज्याला इन्व्हर्ट म्हणतो ती, रस्त्याच्या पृष्ठभागापासून 3.20 मीटर खाली दाखवलेली होती. मी तो आकडा घेतला, आमच्या नकाशात 100.000 धरलेल्या टी.बी.एम.शी, म्हणजे पातळ्या मोजण्यासाठी जागेवर ठरवलेल्या तात्पुरत्या संदर्भबिंदूशी, वजाबाकी करून जुळवला आणि त्यावरून आवारातल्या सगळ्या लाइनचा ढाळ ठरवला. छाननीत अहवाल मान्य झाला, आणि मान्य झाला म्हणजे तपासला गेला असे मी समजलो. आमची शेवटची चेंबर रस्त्यापासून 2.70 मीटर खोल बसली, तिथून महापालिकेच्या चेंबरपर्यंत अर्ध्या मीटरचा उतार शिल्लक होता, आणि कागदावर सगळे चोख होते.

जोडणीसाठी रस्ता खोदला तो एप्रिलच्या अखेरीस, म्हणजे तळघर, प्लिंथ आणि आवारातले पेव्हर ब्लॉकसुद्धा पूर्ण झाल्यावर. चेंबरचे झाकण उघडून स्टाफ, म्हणजे पातळी मोजण्याची पट्टी, खाली सोडला तेव्हा तळ लागला 1.95 मीटरवर. सुरुवातीला आम्हाला वाटले की आत गाळ साठला असेल. गाळ उपसणाऱ्या यंत्राने चेंबर साफ करून घेतली, पुन्हा मोजले, तरीही 1.95. आमचा पाइप शहराच्या पाइपपेक्षा पाऊण मीटर खाली होता, आणि सांडपाणी चढावर जात नाही.

कारण नंतर तिथल्याच एका जुन्या मुकादमाकडून कळले. आपल्याकडे दख्खनच्या पठारावर वर थोडी माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा कठीण खडक ही रचना नेहमीची आहे. ही लाइन टाकताना दोन मीटरच्या आसपास खडक लागला, दाट वस्तीत सुरुंग लावता येत नव्हता, ब्रेकरने फोडण्याचा दर ठेकेदाराला परवडत नव्हता, म्हणून त्या पट्ट्यात लाइन वर घेतली गेली. पुढे ती चालतही होती, त्यामुळे कोणाची तक्रार नव्हती. पण नकाशा राहिला तो मूळ संकल्पनेचा. प्रत्यक्षात झालेल्या कामाचा नकाशा कोणी काढलाच नव्हता. मी माहितीच्या अधिकारात त्याची मागणी केली तेव्हा 30 दिवसांच्या मुदतीतच, त्याबद्दल तक्रार नाही, 'अभिलेख उपलब्ध नाही' असे एका ओळीचे उत्तर आले.

त्यानंतरचे महिने मी ज्या कार्यालयात काढले त्याविषयी फार लिहू नये असे ठरवले होते, परंतु थोडे लिहितोच. परवानगी देणारा विभाग म्हणाला की पातळी आम्ही दिलेली नाही, मलनिस्सारण विभागाने दिली. मलनिस्सारण विभाग म्हणाला की नकाशा प्रकल्प विभागाचा आहे, आम्ही केवळ प्रत दिली. प्रकल्प विभाग म्हणाला की काम पूर्ण होऊन लाइन देखभालीकडे हस्तांतरित झाली आहे, आता तो विषय आमच्याकडे येत नाही. नकाशाच्या कोपऱ्यात अगदी बारीक अक्षरांत 'पातळ्यांची जागेवर खातरजमा करावी' असे छापलेले होते, ते मला तिसऱ्या विभागातल्या लिपिकाने बोट ठेवून दाखवले. तो चुकीचे बोलत नव्हता, आणि त्याचाच मला अधिक राग आला.

आमच्यापुढे दोन मार्ग होते. एक, खालच्या बाजूच्या जिथे लाइन पुन्हा खोल जाते त्या चेंबरपर्यंत सुमारे 140 मीटर स्वतंत्र लाइन खडकातून टाकायची, तीही दुसऱ्यांच्या दुकानांसमोरून. आणि पावसाळा तोंडावर आल्यामुळे रस्ता खोदण्याची परवानगी ऑक्टोबरआधी मिळणार नव्हती. दुसरा, आवारात सम्प, म्हणजे सांडपाणी साठवणारी टाकी, बांधून पंपाने सांडपाणी वर चढवायचे. आम्ही दुसरा मार्ग घेतला. दोन गाड्यांची जागा सम्पमध्ये गेली, एक चालू आणि एक राखीव असे दोन पंप बसवले, ते जनित्रावर घेतले, पेव्हर उखडले, भोगवटा प्रमाणपत्र आठ महिने लांबले आणि तेवढे महिने बँकेचे व्याज चालू राहिले. ढाळाने वाहणाऱ्या लाइनला वीज लागत नाही. आमच्या इमारतीतल्या शौचालयांना कायमची लागते.

आता तुमच्या वजाबाकीविषयी. कार्यालयाची पातळी समुद्रसपाटीपासूनची असते आणि तुमच्या वास्तुविशारदांनी जागेवरच्या एखाद्या पक्क्या बिंदूला 100.000 धरलेले असते, म्हणून आकडे जुळत नाहीत. इथवर तुमच्या सल्लागारांचे म्हणणे योग्य आहे. परंतु वजाबाकीला अर्थ यायचा तर दोन्ही मोजण्यांत एक तरी बिंदू समान हवा आणि तो दोघांनीही खरोखर मोजलेला हवा. तसा बिंदू नसेल तर नकाशातली चूक जशीच्या तशी तुमच्या नकाशात उतरते आणि तीन दशांश स्थळांमुळे ती फार अचूक दिसू लागते.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे की अहवाल लिहून घेण्याआधी झाकण उघडून मोजा. क्षेत्रीय कार्यालयाला पत्र देऊन कनिष्ठ अभियंत्यांना वेळ मागा आणि त्यांच्या उपस्थितीत तीन चेंबर उघडा: तुम्ही जोडणार ती, तिच्या वरची आणि तिच्या खालची. एकच मोजली तर लाइनचा ढाळ कळत नाही, आणि कधी कधी समोरची चेंबर खोल असून पुढची वर असते. ऑटोलेव्हल, म्हणजे पातळी मोजण्याची दुर्बीण, तुमच्याच टी.बी.एम.वरून चालवा, स्टाफ वरूनच खाली सोडा आणि कोणालाही, अगदी दोन मिनिटांसाठीही, आत उतरवू नका. आतल्या वायूने माणसे मरतात, आणि हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय कोणाला सफाईसाठी आत उतरवणे गुन्हा आहे. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास गेलात तर पाइपमध्ये पाणी किती उंचीने वाहते तेही दिसेल. जो पाइप सकाळीच तीन चतुर्थांश भरलेला असतो तो तुमचे सांडपाणी घेईल की नाही, याचे उत्तर कोणत्याही ना-हरकत दाखल्यात मिळत नाही. मोजणीचे टिपण करून त्यावर अभियंत्यांची सही मागा. सही मिळाली नाही तर तेच टिपण पत्रासोबत आवक-जावक कक्षात देऊन पोच घ्या. हे सारे अर्ध्या दिवसाचे काम आहे.

आणखी एक पातळी पाहा, जी आम्ही सुदैवाने पाहिली होती: रस्त्यावरच्या चेंबरच्या झाकणाची. शहराची लाइन तुंबली की पाणी त्या झाकणापर्यंत चढते, आणि त्या उंचीच्या खाली तुमच्या इमारतीत जी जी मोरी, शौचालय किंवा जाळी असेल तिच्यातून ते वर येऊ शकते. तळघरात पहारेकऱ्यांसाठी शौचालय दाखवले असेल तर ते मुख्य लाइनला ढाळाने जोडू नका. उलटे पाणी रोखणारी झडप बसवली तरी तिच्यात चिंधी अडकायला वेळ लागत नाही. शिवाय आपल्याकडे रस्ता दर काही वर्षांनी जुन्या थरावर नवा थर टाकून उंच होतो, म्हणून तळघरात उतरणाऱ्या रॅम्पचा माथा आजच्या रस्त्यापेक्षा निदान 30 सेंटीमीटर वर ठेवावा असे माझे मत आहे. तुमचे वास्तुविशारद उतार बसत नाही म्हणून कुरकुर करतील. करू द्या.

पावसाच्या पाण्याचे गणित तुमच्या अहवालात एका ओळीत उरकलेले दिसते, म्हणून ते थोडे मांडतो. 40 गुंठे म्हणजे सुमारे 4,000 चौरस मीटर. ताशी 60 मिलिमीटरची सर धरली आणि मोकळ्या जमिनीवरून तीस टक्के पाणी वाहून जाते असे मानले तर सेकंदाला 20 लिटर होतात. त्याच जागेवर स्लॅब आणि फरसबंदी आल्यावर नव्वद टक्के मानले तर 60 लिटर. म्हणजे शेजाऱ्याच्या बांधाकडे किंवा रस्त्याच्या गटाराकडे तुम्ही आजच्या तिप्पट वेगाने पाणी सोडणार आहात. 300 मिलिमीटरचा सिमेंट पाइप 200 ला 1 या उताराने पूर्ण भरून वाहिला तर जेमतेम तेवढेच नेतो, आणि तोही पुढचे टोक मोकळे असेल तरच. 60 हा आकडा मी उदाहरणासाठी घेतला आहे. तुमच्या भागाच्या पर्जन्यनोंदींवरून योग्य तीव्रता सल्लागारांनी काढून द्यायला हवी आणि ती कुठून घेतली ते लिहायला हवे. मुंबईच्या जुन्या वाहिन्या ताशी 25 मिलिमीटरच्या हिशेबाने बांधलेल्या होत्या आणि तिथल्या पर्जन्यजल वाहिन्या सुधारण्याच्या ब्रिमस्टोवॅड प्रकल्पात ती क्षमता 50 वर नेण्याचे ठरले, यावरून एका आकड्याने किती फरक पडतो ते लक्षात यावे.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते पाणी पुढे कुठे जाते ते पायी चालत पाहा. तुमच्या पोस्टमध्ये 'मागील बाजूस लहान नाला' असा उल्लेख आहे. नाला ऐन पावसात तुमच्या पाइपच्या तोंडापेक्षा वर चढत असेल तर वरचे सगळे गणित व्यर्थ आहे, कारण त्या वेळी तुमचे पाणी बाहेर जाणार नाही, नाल्याचे आत येईल. पुण्यात 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुराने जे केले ते पाहिल्यावर 'लहान नाला' हा शब्दप्रयोग मी कोणत्याही अहवालात सोडत नाही. निळी पूररेषा 25 वर्षांतून आणि लाल पूररेषा 100 वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची असते. परंतु ती प्रत्येक ओढ्यावर आखलेली नसते, आणि आखलेली नाही याचा अर्थ पूर येत नाही असा होत नाही. नाल्याकाठच्या जुन्या घरांतल्या माणसांना भिंतीवरची ओल कुठवर आली होती ते विचारा. पर्जन्यजल संधारणाचा खड्डा नियमानुसार कराच, मात्र खाली अखंड खडक असेल तर त्यात पाणी मुरण्याचा वेग फारच कमी असतो. त्या खड्ड्याच्या भरवशावर पाइपचा व्यास कमी केलेला मी पाहिला आहे, तसे करू देऊ नका.

बाकीच्या सुविधांविषयी थोडक्यात लिहितो. कार्यालयांसाठी माणशी दिवसाला 45 लिटर पाणी धरतात, पण तळमजल्यावर उद्या उपाहारगृह आले तर हिशेब खुर्चीमागे 70 लिटरचा होतो आणि तेलकट सांडपाण्यासाठी ग्रीस ट्रॅप लागतो. म्हणून त्याची जागा आताच राखून ठेवा, नंतर ती दुकानदाराच्या ओट्याखालीच निघते. पाणीपुरवठा होईपर्यंत टँकरने पाणी देण्याचे हमीपत्र मागितले गेले तर सही करण्यापूर्वी ते कोणत्या तारखेपर्यंत बंधनकारक आहे ते वाचा. महावितरणच्या रोहित्राची जागा वास्तुविशारद बहुधा उरलेल्या कोपऱ्यात दाखवतात, आणि उरलेला कोपरा हा आवाराचा सगळ्यात सखल कोपरा असतो. आमच्या नकाशात तसेच होते. ते मात्र वेळेत लक्षात आले. वीजवाहिनी, जलवाहिनी आणि मलवाहिनी जिथे एकमेकींना ओलांडतात त्या प्रत्येक ठिकाणचा पातळ्यांसह छेद काढून मागा, विशेषतः रॅम्पखालचा, कारण तिथे माती कमी आणि लाइन जास्त असतात.

सल्लागार बदला असे मी म्हणत नाही. मी स्वतः हीच चूक केली असल्याने तसे म्हणण्याचा मला अधिकारही नाही. त्यांना फक्त एवढे विचारा की चेंबरची तळपातळी त्यांनी कोणत्या तारखेला, कोणत्या टी.बी.एम.वरून आणि कोणासमोर मोजली. उत्तरात केवळ नकाशाचा क्रमांक आला तर राफ्टचे, म्हणजे पायाच्या अखंड स्लॅबचे, काँक्रीट थांबवा.

तिन्ही चेंबरच्या झाकणांच्या व तळांच्या पातळ्या, त्यांच्यातली अंतरे आणि तुमच्या शेवटच्या चेंबरची प्रस्तावित पातळी इथे लिहिलीत तर ढाळ बसतो की नाही ते मी पाहून कळवीन. पावसाळ्याआधी मोजून झाले तर फार बरे. नंतर चेंबर भरलेल्या असतात आणि स्टाफवर तळाचे वाचन मिळत नाही.