मुलगी खाणीत ओव्हरमन व्हायचं म्हणते

प्रश्न : मी बल्लारपूरजवळच्या खुल्या कोळसा खाणीत वीस वर्षांपासून डंपर चालवतो. मुलीने यंदा दहावीची परीक्षा दिली. मायनिंगचा डिप्लोमा करून ओव्हरमन, म्हणजे खाणीत पाळीच्या कामावर आणि सुरक्षेवर देखरेख करणारी, व्हायचं म्हणते. सेफ्टी बघत बसलं तर टार्गेट होत नाही आणि टार्गेटच्या मागे लागलं तर सेफ्टी राहत नाही, हे मी रोज बघतो. या ओढाताणीत पोरीला का टाकू?
– एक वडील, जि. चंद्रपूर

उत्तर : भाऊ, नमस्कार.

तुमची भीती खोटी नाही. मार्च जवळ आला की ट्रिपा कशा मोजल्या जातात, ते मी तुम्हाला काय सांगणार! पण तुमच्याच डंपरपासून बघू. हॉल रोडचा, म्हणजे डंपरच्या रस्त्याचा, चढ 16 मीटरला 1 मीटरपेक्षा जास्त नको, कडेला बांध हवा, धूळ बसेल इतकं पाणी मारलेलं हवं. ज्या पाळीत रस्ता असा राखलेला असतो, त्या पाळीत तुमच्या ट्रिपा घटतात की वाढतात? टायर कापले जात नाहीत, डिझेल कमी लागतं, समोरचं स्वच्छ दिसतं. रस्ता सपाट करणारा ग्रेडर दोन तास रस्त्यावर फिरला तर ते दोन तास वाया गेले असं ज्याला वाटतं, त्याने महिन्याचा हिशेब मांडून बघावा.

सेफ्टी आणि टार्गेट सगळीकडे असं जुळत नाही, हेही खरं. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याबरोबर मी एकदा भूमिगत खाणीत उतरले होते. त्याने हातातल्या काठीने छत ठोकलं. एके ठिकाणी ठणठणीत आवाज आला. चार पावलांवर मात्र फुटक्या मडक्यासारखा, ढब. म्हणजे तिथलं छत सुटलेलं. त्याने तिथल्या तिथे काम थांबवलं, माणसं मागे घेतली. छताला आधार देऊन होईपर्यंत पाळी संपत आली. वर आल्यावर त्याला बरंच ऐकून घ्यावं लागलं. त्या पाळीचा कोळसा गेला तो गेलाच.

ओव्हरमनचं काम ते हेच, भाऊ. धोका दिसला की माणसं बाहेर काढायची, हवेत मिथेन हा स्फोटक वायू 1.25 टक्क्यांच्या वर गेला की वीज तोडायची. यासाठी कोणाला विचारायला जायचं नसतं, कायद्याने ते तिचं कर्तव्यच आहे. पाण्याने भरलेल्या जुन्या खोदकामाच्या 60 मीटरच्या आत जायचं तर लेखी परवानगी लागते, पुढे बोअर मारून अंदाज घ्यावा लागतो. वेग कमी होतो, तो व्हायलाच हवा. 27 डिसेंबर 1975 ला धनबादजवळच्या चासनाल्यात असंच साठलेलं पाणी घुसलं आणि 375 कामगार गेले. खुल्या खाणीत तरी सुरक्षित म्हणाल, तर 29 डिसेंबर 2016 ला झारखंडमधल्या लालमाटियात ढिगारा सरकून 23 जणांचा जीव गेला.

म्हणून माझा प्रश्न वेगळा आहे : वरिष्ठ समोर उभे असताना तुमची मुलगी ‘नाही’ म्हणू शकते का? घरात, शाळेत तिला तसं कधी बघितलंय? बघितलं असेल तर तिला अडवू नका. अशा माणसांची खाणीला फार गरज आहे.

आता व्यवहाराचं. नागपूरच्या शासकीय तंत्रनिकेतनात मायनिंगचा डिप्लोमा आहे. त्यानंतर खाणीत प्रत्यक्ष प्रशिक्षण, मग खाण सुरक्षा महासंचालनालयाची, म्हणजे डीजीएमएसची, ओव्हरमनची परीक्षा. प्रथमोपचार आणि गॅस टेस्टिंगची प्रमाणपत्रंही लागतात. ‘रिस्ट्रिक्टेड’ प्रमाणपत्रावर फक्त खुली खाण मिळते. सोपं पडतं म्हणून तेवढ्यावर थांबू नये, भूमिगत कामाचा अनुभव घेऊन ‘अनरिस्ट्रिक्टेड’च काढावं. मुलींना जमिनीखाली कामाला बंदी होती. जानेवारी 2019 च्या अधिसूचनेने तांत्रिक आणि देखरेखीच्या जागा त्यांना खुल्या झाल्या, जमिनीखाली दिवसपाळीत आणि लेखी संमतीने. बारावी करून जेईई द्यायची तयारी असेल तर नागपूरच्याच व्हीएनआयटीत मायनिंगची पदवी आहे.

एक गोष्ट आजच तिच्या कानावर घाला. ओव्हरमनला रोजचा अहवाल बांधीव वहीत लिहून खाली सही करावी लागते. जी जागा स्वतः बघितली नाही, तिच्यावर सही करायची नाही, कोणीही सांगितलं तरी.

निकाल लागेपर्यंत वेळ आहे. ओळखीतल्या एखाद्या ओव्हरमनकडे तिला घेऊन जा. तिला जे विचारायचंय ते विचारू द्या, आणि तेवढा वेळ तुम्ही बाहेर ओट्यावर बसा.