पहिल्या घोटाच्या आधीचे दिवस

प्रश्न : माझे यजमान तुर्भ्याच्या भाजी मार्केटमध्ये गाळ्यावर कामाला आहेत. व्यसनमुक्ती केंद्रातून घरी येऊन चार महिने झाले, दारू बंद आहे. पण हल्ली ते फार चिडचिड करतात आणि गटारी तोंडावर आली आहे. सासूबाई म्हणतात, दारू सोडवण्याची गोळी गुपचूप आमटीत घालू. घालावी का?
— एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : ताई, ती गोळी आमटीत मुळीच घालू नका. अशा गोळीत बहुधा डायसल्फिराम हे औषध असते; ते पोटात असताना दारू घेतली, तर धडधड आणि उलट्या सुरू होतात, रक्तदाब घसरतो, प्रसंगी जिवावर बेतते; शेवटच्या गोळीनंतरही सुमारे २ आठवडे हा धोका राहतो. म्हणून हे औषध डॉक्टरांनी तपासून, रुग्णाच्या संमतीनेच द्यायचे असते.

मला गटारीपेक्षा त्यांच्या चिडचिडीची काळजी अधिक वाटते. माणूस पुन्हा पिऊ लागण्याच्या कितीतरी आधी त्याची झोप बिघडते, दारू सोडलेल्यांच्या गटाची मीटिंग ‘आज जमणार नाही’ म्हणून टळू लागते, पिणाऱ्या मित्रांचे फोन पुन्हा सुरू होतात. आणि नेमक्या त्याच दिवसांत घरचे लोक दारातच तोंडाचा वास घेण्यात आणि खिसे चाचपण्यात गुंतलेले असतात. त्याऐवजी ‘अहो, रात्री झोप लागली का?’ एवढे शांतपणे विचारा. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा यांत दारूची ओढ बळावते. पहाटेपासून उभा असलेला माणूस दुपारी उपाशीपोटी बारसमोरून घरी येत असेल, तर डब्यात दोन भाकऱ्या जास्त देणे हाही उपचाराचाच भाग आहे.

गटारीचा बेत त्यांच्यासोबत बसून आजच ठरवा : त्या संध्याकाळी कुठे असायचे, मित्रांना काय सांगायचे, ओढ लागली तर कोणाला फोन करायचा. ओढीची तीव्र लाट बहुधा अर्ध्या तासात ओसरते, तेवढा वेळ सोबत लागते. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या मीटिंगला ते त्या दिवशी गेले तर उत्तमच. तुमच्यासारख्या कुटुंबीयांसाठी अल-अ‍ॅनॉनचे गट आहेत, तिथे तुम्हीही जरूर जा.

एवढे करूनही एखादा पेग घेतला गेलाच, तर ‘चार महिने पाण्यात गेले’ असे कोणी म्हणू नये, कारण त्या शरमेपोटीच पुढचे पेग घेतले जातात. त्याच दिवशी केंद्रातील समुपदेशकांना कळवा. ते भेटले नाहीत, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर रात्रीही बोलता येते.